बाभळीखालचे बूट

सिदूआप्पा कुठंही उभे राहिले की आधी पायातलं काढतात. देवळाचं म्हणत नाही मी, तिथं सगळेच काढतात. आप्पा चहाच्या गाड्यापुढं काढतात, बँकेच्या खिडकीपुढं काढतात, एसटीची वाट बघताना काढतात. रस्त्यात कुणी "काय आप्पा, बरं हाय का" म्हणून थांबवलं, तर उत्तर द्यायच्या आधी काढतात. त्यासाठी वाकत नाहीत की हात लावत नाहीत. टाच जराशी उचलली जाते, पाय मागच्या मागं बाहेर येतो आणि शेजारी जमिनीवर टेकतो. मग दुसरा येतो. बोलणं संपलं की दोन्ही पाय आपापले आत जातात. कधीकधी जात नाहीत, आणि आप्पा तसेच पुढं निघून जातात. वरवंडमध्ये अशा मागं राहिलेल्या चपला कुणाच्या, हे विचारावं लागत नाही. लोक त्या उचलून पानाच्या टपरीवर ठेवतात.

मी त्यांचा लाइन लीडर. पद ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा अर्थ इतकाच, की वरच्यांचं बोलणं ऐकून खाली सांगायचं आणि खालच्यांचं बोलणं नुसतं ऐकायचं. शिरूर तालुक्यातल्या एमआयडीसीत एका कंपनीत आम्ही मोटारीच्या दरवाजांची कुलपं बनवतो. पहाटे वरवंडहून कंपनीची बस निघते, चौफुला, पारगाव, न्हावरा करत आम्हाला नेते आणि संध्याकाळी आणून टाकते. एकवीस वर्षं झाली. आता मला कशाचं नवल वाटत नाही, कशाचा राग येत नाही, फक्त गुडघे दुखतात.

आप्पा लाइनच्या शेवटी असतात. तयार कुलूप हातात आलं की दोनदा दाबायचं, टक् टक्, आणि कानाला बरं लागलं तर पुढं सरकवायचं. एकोणीस वर्षं ते हेच करतायत. त्याआधी मेंढरं राखायचे. त्यांचं म्हणणं, मेंढराचंही असंच असतं, आवाजावरून कळतं कुठलं आजारी आहे. वय सत्तावन्न, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. माणूस हडकुळा, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं. अडचणीचा प्रश्न आला की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं: "पायाला कुठं कळतंय."

पायातलं का काढता, असं मी त्यांना किती वेळा विचारलं असेल. एकदा म्हणाले, "बूट बी दमतो की भाऊ, त्याला जरा मोकळं नगं व्हय?" कंपनीच्या डॉक्टरला म्हणाले, पायाला वारं लागतं. लाइनवर बिहारचा एक ऑपरेटर आहे, त्याला हिंदीत सांगितलं, "जमीन थंडी है, अच्छा लगता है." बसचे ड्रायव्हर सलीमभाई दौंडचे, त्यांना सांगितलं की मेंढक्याचा पाय कोंडून राहत नाही. प्रत्येकाला पटेल असं एकेक कारण त्यांनी वाटून टाकलं होतं. तीनेक वर्षांत ही सवय फारच वाढली होती. वयामुळं असेल असं मी धरून चाललो, कारण माझंही सगळं वयामुळंच वाढतंय.

खरं सांगायचं तर उभं राहिल्यावर पायातलं काढणारे आप्पा एकटे नाहीत. एकदा शिरूरच्या स्टँडवर माझी बस चुकली आणि दीड तास बसायला जागा मिळाली नाही, तेव्हा मी लोकांचे पाय बघत उभा होतो. चेहरे बघायचा मला आताशा कंटाळा येतो. एक बाई एक चप्पल काढून तो पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभी होती. एका गृहस्थांनी चकचकीत बुटांच्या टाचा मागं चेपून त्यांच्या सपाता केल्या होत्या. एक हवालदार खांबाआड जाऊन एका टाचेला हवा देत होता. विचारलं असतं तर सगळे म्हणाले असते, पाय भरून आलेत, उकडतंय, सवय आहे. मला वाटतं, माणूस उभा राहून कंटाळला की घरी पोचल्याचं सोंग आणतो, आणि ते पायापासून सुरू करतो. पण आप्पांना कंटाळायलाही वेळ लागत नसे. ते उभे राहिल्या राहिल्या काढत.

आणि गंमत म्हणजे बसमध्ये नाही. बसमध्ये बसल्याबरोबर आम्हा सगळ्यांचे बूट सीटखाली जातात आणि सलीमभाई खिडक्या उघडायला लावतात. आप्पा तेवढे दोन तास बुटात. मी म्हणायचो, हा माणूस जगाच्या उलटा आहे.

त्यात ती बाभळ. आप्पांची वस्ती गावाबाहेर, तलावाच्या पलीकडं. वस्तीची पायवाट जिथं डांबरी रस्त्याला लागते तिथं एक बाभळ आहे. तिच्या खालच्या फांदीला एक गोणी टांगलेली असते आणि गोणीत आप्पांचे कंपनीचे बूट आणि बाहेर जायच्या चपला. पहाटे आप्पा वस्तीवरून अनवाणी येतात, बाभळीखाली बूट घालतात, मग बसला येतात. संध्याकाळी बाभळीखाली बूट काढून अनवाणी जातात. बाभळीखाली अनवाणी म्हणजे काट्यांचं काय, हा प्रश्न आम्हाला पडायचा, त्यांना पडत नसावा. मी कधी मोटारसायकलवरून सोडायला गेलो तरी "हितंच सोडा" म्हणायचे. रोज सकाळ-संध्याकाळ एक म्हातारा अनवाणी झाडापुढं उभा राहतो हे कुणीतरी भाविकाने बघितलं असणार, कारण एके दिवशी बाभळीला कुंकू लागलं आणि बुडाशी नारळ आला. आप्पांनी नारळ बसमध्ये आणून फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं.

गेल्या वर्षी आम्ही दोघं दौंडला एका कचेरीत गेलो होतो. मला जातीच्या दाखल्याची नक्कल हवी होती, त्यांचा काही वेगळा कागद होता. कसला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रांग दाराबाहेर, पायऱ्या उतरून लिंबाच्या झाडापर्यंत. आपल्याकडं रांगेत चपला ठेवून सावलीत जाऊन बसायची पद्धत आहे. चपला आपणहून पुढं सरकत नाहीत हे खरं, पण त्यांचा नंबर कुणी मोडत नाही. मागचा माणूस त्या पायाने पुढं ढकलत नेतो, आणि मालक आला की पाय घालून उभा राहतो. तर आप्पांनी सवयीप्रमाणे उभ्या उभ्या चपला काढल्या. रांग पुढं गेली, आप्पा अनवाणी पुढं गेले, चपला तिथंच राहिल्या.

आप्पांच्या मागं एक पारगावचे पाटील होते, वयस्कर, पद्धतशीर. त्यांनी चपला बघितल्या आणि कुणाचा तरी नंबर आहे, आणि परक्याच्या चपलेला पाय कसा लावायचा, म्हणून थांबले. त्यांच्या मागचे थांबले. माझा नंबर आप्पांच्या पुढं होता, माझं काम झालं, आप्पांचं झालं, आम्ही सावलीत येऊन बसलो. खिडकीपुढं कुणी नाही. आतला कारकून दोनदा मान बाहेर काढून बघून गेला. पाच पावलांवर तीस-पस्तीस माणसं दोन रिकाम्या चपलांच्या मागं शिस्तीत उभी. आणि त्यातल्या निम्म्यांनी तोवर आपापल्याही काढल्या होत्या. वीसेक मिनिटांनी मागून कुणी तरी चिडून विचारलं, ह्या चपलांचा मालक गेला कुठं. तेव्हा आप्पांनी खाली आपल्या पायांकडं बघितलं. उठून गेले, चपलांत पाय घातले आणि पाटलांना नमस्कार करून म्हणाले, "पायाला कुठं कळतंय, मामा." पाटील इतके गोंधळले की त्यांनी आप्पांना पुन्हा खिडकीकडं जायला सांगितलं.

कंपनीतही ह्या पायांनी बरंच घडवलं. दोन वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढं सगळे रांगेत उभे, आणि आप्पांचे बूट शेजारी. नवीन आलेल्या मोठ्या साहेबांना वाटलं, झेंड्याच्या आदरापोटी काढलेत. त्यांनी भाषणात त्याचा उल्लेख केला. पुढच्या वर्षी अर्ध्या कंपनीने बूट काढले आणि पटांगणात दोनशे बूट वाळत घातल्यासारखे पडले होते.

ते बघून सेफ्टीसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. हे सेफ्टीसाहेब म्हणजे नागपूरकडचा तिशीतला माणूस, कामाचा, आणि सांगायला हवं की बरोबरही. बोटांवर लोखंडी टोपी असलेले बूट उगाच देत नाहीत. मध्यंतरी आमच्या एका माणसाच्या पायावर लोखंडी पेटी पडली, बूट होता म्हणून अंगठा राहिला. त्यामुळं लाइनवर बूट काढला की मेमो, आणि तीन मेमो झाले की घरी. वय, नोकरीची वर्षं, काही बघायचं नाही.

पहिला मेमो आप्पांना उन्हाळ्यात मिळाला. दुसरा दिवाळीनंतर. प्रत्येक वेळी साहेब शांतपणे म्हणाले, "काका, शूज." आणि आप्पांनी शांतपणे पाय आत घातले. साहेबांची पाठ वळेपर्यंत ते आत राहिले. बिहारचा ऑपरेटर लांबून मला खुणावायचा, "सर, चाचा का जूता फिर अकेला खड़ा है."

नोकरी गेली तर एका वर्षावर आलेली निवृत्ती हातची जाणार, कंपनीचं औषधपाण्याचं कार्ड जाणार. मी आप्पांना समजावून थकलो. शेवटी एका सकाळी खोकी बंद करायची खाकी चिकटपट्टी घेतली आणि त्यांचे बूट पँटीला चिकटवून टाकले, चांगले तीन वेढे देऊन. अर्ध्या तासात आप्पांच्या कपाळावर घाम आला. एक कुलूप दाबायचे आणि मागं वळून बघायचे. पुन्हा दाबायचे, पुन्हा वळायचे. मागं भिंत होती आणि भिंतीवर सेफ्टीचा बोर्ड. आणि मग एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून एक खराब कुलूप पुढं गेलं. ते मीच अडवलं. कात्रीने पट्टी कापली तसे दोन्ही पाय बाहेर आले, आणि आप्पांचा श्वास खाली बसला. मला तेव्हा राग आला. इतक्या वर्षांत राग येत नव्हता, तो त्या दिवशी आला. म्हटलं, आप्पा, हे बूट तुम्हाला घरी बसवणार. ते म्हणाले, "घरीच बसायचंय की, भाऊ," आणि पुढचं कुलूप घेतलं.

मग ग्राहक कंपनीचे लोक ऑडिटला येणार असं ठरलं आणि सेफ्टीसाहेब रोज लाइनवर चकरा मारू लागले. आठवड्याच्या शेवटी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तिसरा मेमो होता, सोबत फोटो. खाली लाइन लीडरची सही आणि कामगाराची सही, दोन जागा रिकाम्या. ते म्हणाले, "मला आनंद होत नाहीये, सर. पण उद्या काही झालं तर?" मी कागद घडी करून खिशात ठेवला. सुट्टीच्या दिवशी घरी जाऊन सही घेतो म्हणालो. लाइनवर सगळ्यांसमोर नको, एवढाच माझा विचार होता.

एकाच गावात राहून मी आप्पांच्या घरी कधी गेलो नव्हतो. कंपनीतून आलं की झोपायचं, उठलं की कंपनीत जायचं, ह्यात गाव कुठं येतं? त्यांच्या बायकोला, हिराबाईंना, बरं नसतं, हे कानावर होतं. पण आमच्या वयाच्या कुणाच्याच बायकोला बरं नसतं, म्हणून मी पुढं काही विचारलं नव्हतं.

सकाळी दहाच्या सुमाराला गेलो. मोटारसायकल बाभळीखाली लावली. गोणी फांदीला होती, आत बूट आणि चपला. पायवाटेने पुढं गेलो. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, समोर सारवलेला ओटा, ओट्यावर खाट. खाटेवर हिराबाई उशीला टेकून बसल्या होत्या. डावा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. मागं आप्पा अनवाणी उभे राहून त्यांचे केस विंचरत होते. वेणी घालायची त्यांना सवय झालेली दिसत होती.

मला बघून आप्पा जरा दचकले. मी अंगणात उभा राहिलो, खिशात कागद, पायात लेसचे बूट. बस सोडली तर मी बूट सहसा काढत नाही. लीडर झाल्यापासून ती सवय गेली, आणि लेस सोडायची म्हणजे वाकावं लागतं. हिराबाई माझ्या तोंडाकडं बघतच नव्हत्या. त्या माझ्या बुटांकडं बघत होत्या. त्यांचा चांगला हात चाचपडत मागं गेला आणि त्यांनी आप्पांचं मनगट धरलं.

"हे न्यायला आले व्हय तुम्हाला?"

"न्हाई गं. बसाय आलेत."

"आजचा दिस ऱ्हावा की," त्या म्हणाल्या. आवाज लहान, पण स्पष्ट. आणि रडायला लागल्या.

आप्पा माझ्याकडं बघून अगदी हळू म्हणाले, "भाऊ, तेवढं बूट."

मी वाकलो. गाठ बसलेली होती, ती सुटेना. एक सोडला, दुसरा सोडला. दोन्ही बूट काढून बाजूला ठेवून मी मातीवर उभा राहिलो तेव्हा त्यांचं रडणं थांबलं. त्यांनी माझे दोन्ही पाय नीट बघून घेतले आणि म्हणाल्या, "मंग बसा की." मी ओट्याच्या कडेला बसलो. मला वाईट वाटलं आणि लाजही वाटली, कारण त्या म्हणाल्या ते खोटं नव्हतं. मी आप्पांना काढून न्यायलाच आलो होतो, फक्त उलट्या दिशेने, कंपनीतून घराकडं.

थोड्या वेळाने त्यांचा डोळा लागला. चहा करता करता आप्पांनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी हिराबाईंना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्या अशा आहेत. दिवसा आप्पांची भावजय येऊन बसते. दौंडचा तो कागद त्यांच्या अपंगत्वाच्या दाखल्याचा होता. आल्यागेल्याला ओळखतात, पण काळ सरकलाय. त्यांच्या लेखी आप्पा अजून मेंढरांमागं आहेत.

"दसरा झाला की कळप घिऊन निघायचो," आप्पा म्हणाले. "पार कोकणापतुर. आठ म्हैनं. घरची म्हातारी आन् रान बघाय ही मागं. मी वहाणा घालून, काठी घिऊन हितं अंगनात हुभा, आन् ही दारात भाकरीचं फडकं घिऊन. वीस वर्सं. एकदा म्हणली न्हाई, थांबा म्हणून. मला वाटायचं, हिला काय न्हाई त्याचं."

चहाची बशी त्यांनी खाली ठेवली.

"आता रोज म्हणती."

म्हणून त्या घरात पायातलं घालून कुणी उभं राहायचं नाही. म्हणून बाभळीची गोणी. पहाटे हिराबाई झोपेत असताना आप्पा निघतात, पण जाग आलीच तर त्या आधी पाय बघतात. पाय उघडे दिसले की पुन्हा झोपतात, माणूस परसाकडं चाललाय असं समजून.

मी विचारलं, पण मग कंपनीत कशाला काढता, तिथं कुठं त्या आहेत?

"घालून हुभा ऱ्हायलो की मागनं ही बोलतीया आसं वाटतं, भाऊ. बँकंत बी, कंपनीत बी. वळून बघतो तर कुणी न्हाई. काढलं की गप. मला कळतंय, ही हितं हाय आन् मी तिथं हाय. पायाला कुठं कळतंय."

हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं होतं आणि हजार वेळा हसलो होतो. त्या दिवशी हसू आलं नाही. मग मला बस आठवली. विचारलं, बसमध्ये कसे राहता मग बुटात? ते म्हणाले, "बसलो की काय न्हाई. बसल्यालं माणूस निघालंय आसं कोण म्हणंल?"

कागद खिशातून निघालाच नाही. आप्पांनी विचारलंही नाही मी का आलो ते, बहुतेक त्यांना माहीत होतं. निघताना मी बूट हातात घेतले आणि बाभळीपर्यंत अनवाणी गेलो. काटे लागतात, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मेमो तसाच सेफ्टीसाहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी विचारलं, सह्या? मी त्यांना सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात. एकवीस वर्षांत वरच्यांना मी इतकं लांब काही सांगितलं नव्हतं. शेवटी म्हणालो, त्या जागी एक स्टूल द्या, बस्स. लाइनवर बसायचं नाही असा कंपनीचा रिवाज आहे. बसलेला माणूस झोपतो असं कुणीतरी कधीतरी ठरवलं, आणि आम्ही ते पायांवर सोसत आलो. साहेब नाही म्हणाले तर सही करणार नाही, मग माझं काय करायचं ते करा, असंही मी बोलून गेलो. बोलल्यावर माझीच मला भीती वाटली.

साहेबांनी फोटो उचलून बघितला आणि माझ्यापुढं सरकवला. आप्पांच्या जागेपुढं दोन बूट उभे होते, व्यवस्थित, जोडीने. आप्पा चौकटीच्या बाहेर होते.

"ह्यात माणूस कुठं आहे?" ते म्हणाले. "नुसत्या बुटांना मेमो कसा देऊ?"

कागद त्यांनी फाडला आणि स्टुलाचा अर्ज स्वतः भरला, कामाच्या जागेची सुधारणा म्हणून. चार दिवसांत स्टूल आलं, उंच, फिरतं. आप्पा त्यावर बिचकत बसले. मी लांबून त्यांच्या पायांवर नजर ठेवून होतो. टक् टक्, कुलूप पुढं. टक् टक्, कुलूप पुढं. बूट पायातच. सबंध शिफ्टमध्ये एकदाही मागं वळून बघितलं नाही. ऑडिटचे पाहुणे आले, त्यांनी स्टुलाची नोंद घेतली, चांगलं म्हणाले. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी तिथंच उभ्या उभ्या फाइल वाचता वाचता एक टाच बुटाबाहेर काढली. सेफ्टीसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी कुलपांकडं बघितलं.

इथं हे संपायला हरकत नव्हती. पण आप्पांचं ते एक वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. रोज पहाटे मी दारात उभा राहतो, पायात बूट, खांद्याला पिशवी. बायको डबा आणून देते. मी घेतो आणि निघतो. एकवीस वर्षं. ती कधी काही म्हणाली नाही, आणि मलाही वाटत होतं, हिला काय नाही त्याचं.

परवा पहाटे दारात उभा राहिलो, वाकून लेस सोडल्या आणि दोन्ही पाय बुटाबाहेर काढून फरशीवर ठेवले. ती डबा घेऊन आली आणि थांबली.

"काय राहिलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "थांबतो जरा."

तिने माझ्या पायांकडं बघितलं. बस जाईल, एवढंच म्हणाली. पण डबा पुढं केला नाही, तो तिने हातातच धरून ठेवला, आणि दाराच्या चौकटीला टेकून माझ्याजवळ उभी राहिली. बोलायची सवय गेली आहे. पाचेक मिनिटांनी तिने डबा दिला.

धावत रस्त्याला आलो तेव्हा सलीमभाई बसच्या दारातच होते. त्यांनी सांगितलं, आप्पांनी गाडी हलू दिली नाही. आप्पा नेहमीच्या सीटवर बसले होते, पायात बूट. त्यांनी माझ्या सुटलेल्या लेसकडं बघितलं आणि खिडकीकडं सरकून मला जागा दिली.